झाडांतलं शेतघर : एका तैलचित्राच्या नोंदी

५ नोव्हेंबर

जागा ठरली. खानापूरहून जांबोटीकडे जाताना उजव्या हाताला एक पाणंद लागते. तिच्या टोकाला भाताचं शेत आणि शेतात झाडांनी वेढलेलं कौलारू घर. रस्त्यावरून घर दिसत नाही, दिसतो नुसता झाडांचा पुंजका. पाणंदीच्या वळणावर पोचलं की आधी कौलांची कड दिसते, चार पावलं पुढे दाराचा काळा चौकोन, मग गोठ्याचा पत्रा. पूर्ण घर एका जागेवरून कुठूनच दिसत नाही. झाडांच्या फटींतून जेवढं घर दिसेल तेवढंच रंगवायचं, हे तिथे उभ्या उभ्याच ठरलं.

कॅनव्हास ३० × ४० इंच, आडवा. तैलरंग. जागेवर लहान अभ्यास करायचे, मोठं काम बेळगावात घरी.

बैठक पाणंदीच्या वळणावर, तोंड उत्तरेला. डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, गर्द झाडी. समोर ऐनाची चार-पाच खोडं आणि त्यांच्या मागे घराची जांभ्या दगडाची दक्षिणेकडची भिंत. उजवीकडे सगळं मोकळं.

८ नोव्हेंबर

घरच्यांना विचारून घेतलं. काका म्हणाले, "बसा की हो, कोण नको म्हणतंय. खरं दुपारी पाठीवर ऊन येतंय बगा तिथं. टोपी घालून बसा." काकींनी तांब्याभर पाणी आणि गूळ आणून ठेवला.

आज रंग काढलेच नाहीत. काकांबरोबर शेताला फेरी मारली आणि प्रत्येक झाड कोणी, कशासाठी लावलं ते विचारत गेलो. चित्राच्या दृष्टीने एवढं मोलाचं काम या आठवड्यात दुसरं होणार नाही.

पश्चिमेला फणस आणि रायवळ आंबे दाटीनं आहेत. इथला पाऊस पश्चिमेकडून, घाटावरून झोडपत येतो. जुन्या काळी भिंत मातीची होती, दर पावसाळ्यात पश्चिमेची बाजू ढासळायची, म्हणून काकांच्या आजोबांनी तिथे फणस लावले. आता भिंत दगडी झाली तरी फणस वाऱ्यापावसाला आडवे उभेच आहेत. ओहोळाच्या कडेला मेसाचं, म्हणजे बांबूचं, बेट आहे, कारण तिथली माती दर साली वाहून जायची. हा ओहोळ पुढे मलप्रभेला मिळतो. बांधावरचे ऐन कोणी लावलेले नाहीत, आपोआप आलेले आहेत. ते ठेवले, कारण त्यांचा टाळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून गोठ्यात टाकता येतो आणि शेणाबरोबर त्याचं खत होतं. दरसाल फांद्या तोडल्यामुळे ऐन सरळ खांबासारखे वाढलेत, शेंड्याला तेवढा झुपका. गोठ्यापाशी एक करंज आहे, दुपारी जनावरांना सावली म्हणून.

आणि पूर्वेला एकही झाड नाही. "तिथं खळं हाय न्हवं. झाड असलं तर भात वाळणार कसं?" काका म्हणाले.

म्हणजे डावीकडची दाटी आणि उजवीकडचं मोकळं ऊन, ज्यावर माझी सगळी मांडणी उभी राहणार आहे, ती पाऊस, वारा आणि भात यांनी आधीच करून ठेवली आहे. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात की मांडणीसाठी झाड इकडचं तिकडे केलं तरी चालतं. एरवी मीही तसं शिकवतो. या चित्रात एकही झाड हलवायचं नाही असं ठरवलं. फणस उजवीकडे नेला तर खळ्यावर सावली पडेल आणि हे बघणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला चित्र खोटं वाटेल.

१२ नोव्हेंबर

सकाळी पहिला रंगीत अभ्यास, ८ × १० इंच. उन्हं उजवीकडून, आग्नेयेकडून. खळं आणि दगडी भिंतीची उजवी कड उजळलेली, फणसाखाली दाट सावली.

मोबाइलवर फोटो काढून पाहिले. फोटोत फणसाखालची सावली सरळ काळी येते. डोळ्यांना मात्र तिथे जांभळट तपकिरी जमीन दिसते, पडलेली पानं दिसतात, त्यापलीकडे भिंतीवरून परतून आलेला तांबूस उजेडही दिसतो. म्हणून बसूनच रंगवायला हवं. आपल्या भागात ही शिस्त जुनी आहे. कोल्हापुरात आबालाल रहिमान रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठांवर भटकून चित्रं करत. बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली मुलांच्या पिढ्या घडल्या. रवी परांजपे (१९३५–२०२२) बेळगावचेच, तेही कुलकर्णींकडे शिकले. जागेवर बसून पाहण्याचा आग्रह आमच्यापर्यंत याच वाटेने आला.

१३ नोव्हेंबर

ढगाळ. पेन्सिलीने नुसती खोडं काढली.

१७ नोव्हेंबर

हिरव्याचा प्रश्न.

फणस, आंबा, ऐन, मेस, करंज, बांधावरचं गवत आणि पिवळं पडत चाललेलं भात. हे सगळे हिरवे आहेत आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. ट्यूबमधला तयार हिरवा वापरला तर सगळी झाडं एकाच नर्सरीतून आणल्यासारखी दिसतात. म्हणून तयार हिरवे बाजूला ठेवले आणि मिश्रणं करून पट्ट्या बनवल्या.

आंब्याचं जून पान : आयव्हरी ब्लॅक आणि लेमन यलो. काळ्यात पिवळा मिसळला की ऑलिव्हसारखा मुका हिरवा मिळतो, तो आंब्याला अगदी बसतो. फणसाचं पान चकचकीत, त्यावर आभाळ पडतं. त्यासाठी अल्ट्रामरीन निळा आणि यलो ऑकर, उजेडाच्या बाजूला थोडा निळसर पांढरा. मेस सगळ्यांत पिवळट, तिथे रॉ सिएना जास्त. ऐनाची पानं आता राठ झालीत, हिरव्यात तपकिरी मिसळू लागलाय, म्हणून त्यात बर्न्ट सिएनाचा थेंब. करंज मात्र अजून ताजा हिरवा आहे. तो मुद्दाम थोडा दाबणार, नाहीतर चित्रात आधी गोठ्याकडेच नजर जाईल.

नंतर डोळे किलकिले करून त्याच झाडांकडे पाहिलं. रंग वेगळे असले तरी फणस, आंबा आणि ऐनाचा शेंडा यांचा गडदपणा जवळजवळ सारखाच आहे. या जागेला जी शांतता वाटते ती इथून येते असं मला वाटतं. मधल्या सगळ्या पट्ट्यात उजेड-अंधाराची उडी कुठेच नाही, एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्याच्या सावलीत डोळा अडखळल्याशिवाय जातो. मोठी उडी एकच आहे, ती उजवीकडे खळ्यावर. गडदपणाच्या फक्त पाच पायऱ्या ठरवल्या आणि मधल्या झाडीला त्यातल्या दोनच दिल्या.

२२ नोव्हेंबर

सुगी सुरू झाली. पाणंदीत ट्रॅक्टर उभा, बायका ओळीने कापणीला लागलेल्या. माझी बैठक वाटेत येत होती म्हणून आज साहित्य काढलंच नाही, पेंढ्या खळ्याकडे न्यायला हात लावला.

दुपारी कापलेल्या भागाकडे पाहत होतो. भात उभं असताना सगळा पिवळा जोर जमिनीवर होता, झाडं मागे पडत होती. कापल्यावर खुंटांची जमीन फिकट, किंचित गुलाबीसर राखाडी झाली आणि झाडांची खोडं बुंध्यापासून दिसू लागली. झाड जमिनीत कुठे रोवलंय ते दिसलं की त्याला वजन येतं. तेव्हा चित्र सुगीनंतरचं करायचं. उभं पिवळं भात फार देखणं आहे यात शंका नाही, पण ते स्वतंत्र चित्र होईल.

२९ नोव्हेंबर

खळ्याच्या कडेला भाताची वळी, म्हणजे पेंढ्यांची रास, घातली गेली आहे. चांगली छातीपेक्षा उंच, वरून उतरती, पाणी मुरू नये अशी. वर निळी ताडपत्री, तिच्यावर दगड ठेवलेले.

या ताडपत्रीवर घरी बराच विचार केला. सोपा मार्ग म्हणजे ती वगळायची. खेड्याची चित्रं करताना आपण विजेचा खांब वगळतो, पाण्याची प्लास्टिकची टाकी वगळतो, पत्रा वगळून गवताचं छप्पर काढतो. अशी चित्रं विकली जातात हेही खरं. पण नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तर वर्षभराचं भात काळं पडतं, त्यासाठी ती ताडपत्री आहे. पश्चिमेचे फणस जे काम पावसाळ्यात भिंतीसाठी करतात तेच काम ताडपत्री आता वळीसाठी करते. फणस ठेवून ताडपत्री वगळायला माझ्याकडे कारण नाही. ती राहणार. मात्र उन्हातान्हात विटलेली आहे तशीच, अल्ट्रामरीनमध्ये भरपूर पांढरा आणि ऑकरचा अंश घालून. मोकळ्या उजव्या बाजूला एक थंड रंग हवाच होता, तो आयता मिळाला.

४ डिसेंबर

कॅनव्हास ताणून, प्रायमर देऊन, वाळवून तयार. पांढऱ्यावर थेट सुरुवात केली नाही. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे एक हात दिला. इथली माती तांबडी, रंगाच्या फटीतून खालून डोकावली तर तीच डोकवावी.

क्षितिज मध्यरेषेच्या थोडं वर घेतलं. आभाळ कमी, जमीन जास्त.

६ डिसेंबर

रॉ अंबरने गडद-उजळाची मांडणी. अंबर मुद्दाम घेतला, त्यात मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो. तैलरंग पाण्याच्या रंगांसारखे सुकत नाहीत, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला वेळ लागतो. म्हणून खालचा थर कमी तेलाचा, वरचे थर वाढत्या तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि काही वर्षांनी भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, म्हणून आंब्याचा तो हिरवा सुरुवातीच्या थरात येऊ द्यायचा नाही.

११ डिसेंबर

पुन्हा जागेवर, फक्त भिंतीसाठी.

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होतो. रंगही बदलत जातो. नवा चिरा पिवळट तांबूस, जुना काळपट. या भिंतीत दोन्ही आहेत. खालचे थर जुने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी शेवाळलेले, वरचे अलीकडचे. चुना कुठेच लावलेला नाही, दर्शनी पूर्वेकडच्या भिंतीलाच काय तो गिलावा. कौलांतही तसंच. खानापूरच्या भट्ट्यांतली जुनी कौलं काळवंडली आहेत, मधे मधे बदललेली नवी कौलं केशरी दिसतात. कौल फुटेल तिथे तेवढंच बदलायचं हा शेतघराचा हिशोब छपरावर लिहिलेला आहे. तो सगळा रंगवायचा मोह आवरला, कारण छप्पर फटींतून तीन ठिकाणीच दिसतं. त्यातल्या एकाच जागी एक नवं कौल टाकलं.

या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, महिन्याच्या अखेरीस तर भर दुपारीही तो क्षितिजावर ५१ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे ही दक्षिणेची भिंत दिवसभर उन्हात असते आणि ऐनाच्या खोडांच्या सावल्या तिच्यावरून फिरत जातात. मेच्या सुरुवातीला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि मग साधारण १० ऑगस्टपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे राहतो. त्या काळात या भिंतीवर दुपारचं ऊन पडतच नाही. म्हणजे भिंतीवर खोडाच्या सावल्या असलेलं हे चित्र हिवाळ्याचंच आहे हे जाणकाराला तारखेशिवाय कळेल. सावल्या सकाळी साडेनऊच्या धरल्या. त्या उजवीकडून डावीकडे उतरतात आणि नजर परत झाडीत नेतात.

१९ डिसेंबर

घरी दिवसभर झाडी. फणस आणि आंबा एकत्र एकाच मोठ्या आकारात रंगवले, मग ओल्यातच वेगळे केले. पानं काढली नाहीत. पान काढायला लागलं की झाड हरवतं.

पानांतून दिसणाऱ्या आभाळाच्या खिडक्यांवर सगळा वेळ गेला. मोकळ्या आभाळाचा रंग जसाच्या तसा तिथे भरला तर ती भोकं पुढे येतात, झाडावर कागदाचे कपटे चिकटवल्यासारखी. भोक जितकं लहान तितकं ते मोकळ्या आभाळापेक्षा गडद दिसतं, कडेच्या पानांमुळे उजेड मरतो. तेव्हा प्रत्येक खिडकीला वेगळा रंग द्यावा लागला. फणसाला खिडक्या जवळजवळ नाहीतच, त्याचं पान दाट. ऐनाच्या झुपक्यात भरपूर. मेसात त्या उभ्या चिरांसारख्या. झाडाची ओळख मला पानापेक्षा या खिडक्यांतून जास्त पटते.

२८ डिसेंबर

पहाटेच्या पहिल्या बसने गेलो. दाट धुकं, मलप्रभेच्या बाजूने आलेलं. घर नाहीच, पुढचे दोन ऐन तेवढे दिसत होते. ऊन वर आल्यावर आधी खळं मोकळं झालं, झाडीतलं धुकं बराच वेळ रेंगाळलं. मागच्या झाडांच्या रंगात त्यामुळे दुरुस्ती केली, ओहोळापलीकडची मेस आणखी फिकट आणि निळसर.

काका गव्यांबद्दल सांगत होते, रात्री येऊन पलीकडच्या शेतातली रताळी तुडवून गेले. घराभोवती झाडं दाट असली की गवे जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, ही झाडांची दुसरी बाजूही त्यांनी सांगितली. पश्चिमेकडे खालच्या फांद्या छाटलेल्या आहेत त्या म्हणूनच. माझ्या चित्रात त्या खाली लोंबत होत्या त्या जागी आता माणसाच्या उंचीपर्यंत मोकळी सावली केली. त्यातून पलीकडच्या शेताची उजळ पट्टी दिसते आणि डावी बाजू श्वास घेऊ लागली.

६ जानेवारी

समोरच्या ऐनांचा प्रश्न राहिला होता. चार-पाच उभी खोडं घराच्या पुढे. एका मित्राने पाहून म्हटलं की गजांसारखी दिसतात, बघणारा बाहेरच राहतो.

पीट मोंद्रियान आठवला. पुढे नुसत्या उभ्या-आडव्या रेषा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांसाठी ओळखला गेलेला हा डच चित्रकार आधी कितीतरी वर्षं शेतं आणि झाडंच रंगवत होता. ॲमस्टरडॅमजवळच्या डुइव्हेंड्रेख्तचं एक शेतघर त्याने पुन्हा पुन्हा रंगवलं. १९१४ मध्ये तो पॅरिसहून मायदेशी आला आणि महायुद्धामुळे १९१९ पर्यंत तिथेच अडकला, त्या काळातही, १९१६ च्या सुमारास, तो या शेतघराकडे परत आला. उघड्या झाडांची जाळी, तिच्यामागे घर आणि खाली पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. तिथेही झाडं घराच्या पुढेच आहेत, पण घर कोंडल्यासारखं वाटत नाही. बराच वेळ पाहिल्यावर मला दिसलं ते असं की खोडांमधलं अंतर कुठेच सारखं नाही आणि वरच्या फांद्या एकमेकींत गुंतून वरची बाजू बांधून घेतात.

माझ्या ऐनांमधलं अंतर तर मुळातच असमान आहे, कारण ते कोणी मोजून लावलेले नाहीत. ते मी जागेवर मोजलं होतं तसंच आहे. फरक कडांमध्ये केला. उजेडाच्या बाजूची कड धारदार आणि सावलीची कड मागच्या भिंतीत मिसळलेली. एका खोडाची डावी कड तर जवळजवळ पुसलीच. आता खोडांच्या मधून आत जाता येतं.

१६ जानेवारी

माणसं घालावीत का? काकी खळ्यावर सूप घेऊन बसलेल्या, असा एक अभ्यास चांगला झाला आहे. कॅनव्हासवर खडूने आकृती काढून दोन दिवस ठेवली. आकृती आली की चित्र तिचं होतं, झाडं मागचा पडदा होतात. खडू पुसला. अर्धी उघडी दाराची फळी, वळीतून नुकत्याच ओढलेल्या पेंढ्यांची खाच आणि दोरीवरचं एक लुगडं, एवढ्यावर घर नांदतं आहे हे कळतं.

२ फेब्रुवारी

आंबा मोहरला आहे, सगळा शेंडा तांबूस-पिवळा. फार सुंदर. चित्रात घेतला नाही. भिंतीवरच्या सावल्या डिसेंबरच्या आहेत, मोहोर फेब्रुवारीचा. वळीही मळून संपली. मोहराचा वेगळा अभ्यास करून ठेवला.

१० फेब्रुवारी

शेवटचा हात. खळ्याच्या उजेडात पांढऱ्याबरोबर किंचित कॅडमियम यलो, तोही फक्त शेणाने सारवलेल्या कडेला. फणसाखालच्या सावलीवर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा पातळ, पारदर्शक थर. सावली खोल झाली पण काळी झाली नाही. सही खाली डावीकडे, सावलीत.

१५ फेब्रुवारी

चित्राची मोठी प्रिंट काढून शेतावर नेली. काकांनी आधी झाडं मोजली. मग म्हणाले, "ऐन बरोबर हाईत. टाळ काढलेला कळतोय." मेसाच्या बेटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे खरं अजून जरा खाली पायजे, ओहोळात उतरलंय ते." काकींनी ताडपत्री ओळखली आणि त्यावरचे दगडही. लेकीला दाखवायला प्रिंट ठेवून घेतली.

मेस खाली हवी हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या बैठकीवरून बांध आड येत होता, बुंधा दिसतच नव्हता. बांधाची रेषा तिथे थोडी खाली घेतली तर बेट ओहोळात उतरलेलं दिसेल आणि झाडही हलणार नाही.

१८ फेब्रुवारी

बांध दुरुस्त केला. जवळजवळ बोटभर खाली. मेसाची मुळं आणि ओल्या मातीचा गडद पट्टा दिसतो आता.

२४ फेब्रुवारी

वाळवण. वरचा रंग हाताला कोरडा लागला तरी आत तेल घट्ट व्हायला सहा महिने ते वर्ष जातं, त्याआधी वॉर्निश करायचं नाही. सहा महिने मोजले तर ऑगस्ट येतो, आणि बेळगावच्या ऑगस्टमध्ये भिंतींना ओल असते. ओलसर हवेत दिलेलं वॉर्निश धुरकट होतं. तेव्हा वॉर्निश दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. पावसाळ्यात चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, बुरशी येते. आतल्या भिंतीवर, मागे हवा खेळेल असं दोन लाकडी ठोकळ्यांवर पुढे काढून टांगायचं.

कॅनव्हासच्या मागे जागा, महिना, वापरलेले रंग आणि झाडांची नावं पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाने लिहिली : फणस, रायवळ आंबा, मेस, ऐन, करंज. शेवटी, खळं.